संगीत मंडळाचा हंगाम आखताय? या चुका टाळा

पावसाळा सरत आला की मराठवाड्यात गावोगावच्या संगीत मंडळांची पुढच्या हंगामाची बोलणी सुरू होतात. कोजागरीला पहिली बैठक, मग दिवाळी पहाट, थंडीत एखादा मोठा गायक आणि पाडव्याच्या आगेमागे समारोप, असा साधारण बेत असतो. तंबोरे लावायला आणि मांडामांड बघायला मी अशा बऱ्याच मंडळांत जातो. परभणी असो, लातूर असो की अंबाजोगाई, चुका त्याच असतात. मंडळ चालवणारी माणसं मनापासून राबतात, पदरचे पैसे घालतात. त्यांची मेहनत वाया जाताना बघवत नाही, म्हणून हे लिहितोय.

गाण्याआधी सत्कारांची रांग

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. मागे एका तालुक्याच्या गावी वाड्याच्या चौकात बैठक होती. गाणाऱ्या बाई पुण्याहून गाडीने सात-आठ तास प्रवास करून आलेल्या. त्यांची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून गातात तो, काळी चार, पेटीवरची चौथी काळी. सहा वाजता आतल्या खोलीत आम्ही तंबोऱ्यांची जोडी लावली. जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, अशी खुलली होती की खर्जाची तार छेडली की खोली भरून जायची. पत्रिकेत वेळ साडेसहाची. पाहुणे आले सव्वासातला. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, परिचय. शाल-श्रीफळ पाहुण्यांना, देणगीदारांना, वाड्याच्या मालकांना, मंडपवाल्यांना. तोवर बाई, तबलजी आणि पेटीवाले मंचावर हॅलोजनच्या झोतात मांडी घालून बसलेले.

पहिला सा लागला आठ वाजून वीस मिनिटांनी. तोवर दोन्ही तंबोरे हलले होते. लोकांसमोर पुन्हा खुंट्या पिळणं, मणी सरकवणं, त्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. बाईंच्या मनात पूरिया धनाश्री होता. तो दिवेलागणीचा राग, त्याची वेळ केव्हाच टळली होती. त्यांनी बेत बदलून बागेश्री घेतला. संथ लयीतल्या विलंबित ख्यालालाच पाऊण तास लागतो. चौक उघडा, त्यामुळे दहाला लाउडस्पीकर बंद करणं भाग होतं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावू देत नाहीत, सूट आहे ती बंद सभागृहाला. मध्यंतर रद्द झालं आणि भैरवी पाच मिनिटांत आटपली. पुढच्या रांगेत एक आजोबा गाणं ऐकायला खेड्यातून एस.टी.ने आले होते. त्यांना मिळालं जेमतेम दीड तासाचं गाणं आणि वर तासाभराची भाषणं.

माझी सवय सांगतो. दिवा मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदाच्या हातून, श्रोते यायच्या आधी लावून घ्यायचा. परिचय दोन मिनिटांचा, तोही साथीदारांच्या नावांसकट. सत्कार असलाच तर मध्यंतरात. कलाकाराने मंचावर बसायचं ते सूर लावायला, आणि सूर लागले की पुढचा आवाज गाण्याचाच. पाहुणे उशिरा येणार असतील तर येऊ द्यावेत, बैठक त्यांच्यासाठी थांबवू नये. यावर कार्यकर्ते म्हणतात, ‘देणगीदार नाराज होतील.’ मी अजून एकही देणगीदार असा पाहिला नाही, ज्याने मध्यंतरात शाल घ्यायला नकार दिला.

एका नावावर सगळी वर्गणी

नवीन मंडळं हमखास इथे घसरतात. पहिल्याच वर्षी टीव्हीवर दिसणारं नाव पाहिजे असतं. सगळी वर्गणी त्या एका रात्रीत जाते आणि उरलेल्या बैठका ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ रद्द होतात. दुसऱ्या वर्षी सभासद फिरकत नाहीत. ही घाई मला मान्य नाही. श्रोता एका मोठ्या कार्यक्रमाने तयार होत नाही. दर महिन्या-दोन महिन्याला त्याच सतरंजीवर येऊन बसणारा माणूस चार वर्षांनी कुठे तिहाईला, म्हणजे तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्याला, मान हलवू लागतो.

शिवाय बाहेरच बघायची एवढी गरज काय? अंबाजोगाईजवळचं आपेगाव म्हणजे पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांचं गाव, तिथली पखवाजाची परंपरा आपल्या घरची. गायक नाथराव नेरळकरांनी नांदेड आणि संभाजीनगरात कितीतरी शिष्य घडवले. वर्षातली एक बैठक नुसत्या पखवाजाची ठेवून बघा. भजनात मृदंग ऐकत वाढलेली आपली माणसं चौताल किती मन लावून ऐकतात, हे मी पाहिलंय.

तारीख ठरवताना

महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांत बैठक ठेवू नका, घरातली एकही बाई येऊ शकणार नाही. तुळशीच्या लग्नानंतर शेजारच्या मंगल कार्यालयाचं बुकिंग आधी विचारून घ्या. वरातीच्या डीजेपुढे मारव्यासारखा कुठलाच राग टिकत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. मृगाचा पाऊस पडला की ज्यांची शेती आहे ते सभासद पेरणीला जातात.

आणि दर वेळी संध्याकाळच का? तोडी, ललत, देसकार हे राग आपल्याकडच्या श्रोत्यांना दिवाळी पहाटेलाच काय ते मिळतात. हंगामात एक तरी बैठक रविवारी सकाळी सातला ठेवा. मंडपाच्या दिव्यांचा खर्चही वाचतो.

कूलरचा वारा आणि तबला

चैत्रातल्या बैठकीत हे हटकून होतं. बाहेर चाळीस डिग्री, म्हणून कलाकारांची सोय म्हणून भला मोठा कूलर थेट मंचाकडे तोंड करून ठेवतात. हेतू चांगलाच असतो. पण तबल्याच्या तोंडावरची पुडी चामड्याची आहे. दमट वारा लागला की ती सैल पडते आणि तबला उतरतो. कोरडी गरम हवा लागली की ताणते आणि चढतो. एका सभागृहात मी बघितलं, गायकाची पट्टी काळी एक, तबला वाऱ्यात उतरत उतरत पांढरी एककडे सरकलेला. तबलजी दर दोन आवर्तनांनी हातोडी घेऊन बाजूचे लाकडी गट्टे ठोकतोय, पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर मारतोय. तो तरुण मुलगा घामाघूम. श्रोत्यांना वाटलं याला वाजवता येत नाही. पोराचा काडीचा दोष नव्हता.

कूलर दुपारी तीनपासून चालवून हॉल गार करून घ्यावा आणि गाणं सुरू होताना त्याचं तोंड श्रोत्यांकडे वळवून लांब न्यावा. आवाज करणारा असेल तर बंदच करावा. वाद्यं कलाकारांसोबतच हॉलमध्ये आणून गवसणीतून, म्हणजे खोळीतून, काढून तासभर आधी ठेवावीत, म्हणजे त्यांना तिथली हवा सवयीची होते. गाडीच्या डिकीत एप्रिलच्या उन्हात तबला कधीही ठेवू नये. आणि त्याच पट्टीचा दुसरा तबला मंचामागे तयार पाहिजे, याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

पट्टी न विचारणं

फोनवर तारीख, मानधन, जेवण सगळं विचारतात, पट्टी विचारत नाहीत. पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचला. काळी एकचा तबला ओढूनताणून काळी चारला जात नाही, त्याला मोठ्या तोंडाचा ढाला तबला लागतो. एवढा एक प्रश्न, आणि तो तबलजीला आठवडाभर आधी कळवायचा.

मोबाइलवरचा तंबोरा

नवे कार्यकर्ते म्हणतात, तंबोरे आणायची कटकट कशाला, अ‍ॅप आहे की. रियाजाला अ‍ॅप ठीक आहे. प्रवासात, एकट्याने गाताना मीही वापरतो. पण मंचावर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवल्यावर जो गंधार, म्हणजे ग हा स्वर, आपोआप ऐकू यायला लागतो, तो स्पीकरमधून येत नाही, आणि गायकाला टेकायला तोच लागतो. ज्यांना अर्धा तास बसून तंबोरा लावायचा कंटाळा आहे, त्यांनी मंडळात दुसरं काम घ्यावं, पत्रिका वाटाव्यात, सतरंज्या घालाव्यात. मंडळाने दोन-तीन वर्षं पैसे साठवून मिरजेहून एक जोडी आणावी आणि गावातल्या दोन मुलांना ती लावायला शिकवावी.

साउंडवाला

ऑर्केस्ट्रा आणि जागरण-गोंधळ करणारा साउंडवाला सवयीने इको लावतो. इकोमध्ये तान विरघळते, लय कळत नाही. त्याला आधीच सांगा: इको शून्य, तबल्याचा बास कमी, तंबोऱ्याला माइक हवाच. शंभर-सव्वाशे माणसांच्या बंद खोलीत आवाज इतकाच ठेवा की माइक आहे हे जाणवू नये. चाचणी कलाकारांसोबत करायची, ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणून नाही.

पाकीट

साथीदारांचं मानधन गायकाच्या पाकिटात घालू नका. प्रत्येकाचं वेगळं, नाव लिहिलेलं, कार्यक्रम संपल्याबरोबर, आतल्या खोलीत, हातात. ‘उद्या ऑनलाइन टाकतो’ म्हणून तबलजीला रात्री बाराच्या गाडीला बसवणारी मंडळं मी पाहिलीत. अशा मंडळात तो पुढच्या वर्षी तारीख मोकळी असूनही येत नाही, आणि पुण्या-मुंबईतल्या चार जणांना सांगतोही. जेवणाचंही तसंच. गाण्याआधी कलाकारांना पुरणपोळीचा आग्रह नको. चहा, थोडे पोहे, साधं कोमट पाणी पुरे. जेवण नंतर, गरम, आणि वाद्यं उचलायला आलेल्या ड्रायव्हरलाही त्याच पंगतीत.