डर्बीचं व्हर्जन विचारलंय? जार बघून सांगू नका (सोलापुरातल्या फ्रेशर्ससाठी)

डिप्लोमा नाहीतर बीई करून पुण्याला न जाता सोलापुरातच जावा सपोर्टचं काम धरलेल्या पोरांना सुरुवातीलाच एक काम येतं, "क्लायंटकडं डेटाबेस कोणत्या व्हर्जनवर चालूय बघून कळव". ऐकायला फालतू वाटतं. पोरगं लिब फोल्डर उघडतं, जारच्या (जावा कोडचा गठ्ठा बांधलेल्या फाइलच्या) नावातला आकडा बघतं, मेल टाकून मोकळं. आता अपाचे डर्बी (जावातच लिहिलेला छोटा डेटाबेस) असेल तर डाउनलोडमधल्या जारच्या नावात आकडाच नसतो, नुसतं डर्बी.जार. आणि असला तरी नाव काय, कोणीपण बदलतं बे.

डर्बीचंच सांगतोय कारण अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्यांकडं सुताच्या स्टॉकची, बिलिंगची जी जुनी सॉफ्टवेअरं मी सांभाळतो त्यात आत हेच बसलेलं असतं आणि मालकाला ते आहे हे माहीतपण नसतं. मूळचं हे क्लाउडस्केप, मग इन्फॉर्मिक्सकडं, मग आयबीएमकडं गेलं, 2004 ला आयबीएमनं अपाचेला देऊन टाकलं, आणि मधे सननं जेडीके (जावाचा डेव्हलपमेंट किट) 6 सोबत तेच जावा डीबी नावानं वाटलं. म्हणून एकाच मशीनवर दोन-तीन डर्बी पडलेले सापडतात, एक जेडीकेसोबत आलेलं, एक ॲपमधलं, एक कोणीतरी "टेस्टिंगला" ठेवून विसरलेलं. यातलं चालू कोणतं, हा खरा प्रश्न.

त्यासाठी डर्बीत सिसइन्फो नावाचं टूल आहे. डर्बीरन.जार चालवून पुढं सिसइन्फो लिहायचं, जावाचं व्हर्जन, क्लासपाथ (जावा कुठकुठल्या जार आणि फोल्डरमधून कोड उचलतो ती यादी) आणि प्रत्येक डर्बी जारचं व्हर्जन बिल्ड नंबरसकट येतं, उदाहरणार्थ 10.14.2.0 आणि कंसात 1828579. पण लक्षात घ्या, तुम्ही कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ते चालवलं तर ते त्या खिडकीतला क्लासपाथ सांगतं, शेजारी सकाळपासून चालू असलेल्या ॲपचा नाही. नेटवर्क सर्व्हर (डर्बी वेगळा चालतो, ॲप नेटवर्कवरून जोडतं) असेल तर सर्व्हर कंट्रोलची सिसइन्फो कमांड वापरा, ती 1527 पोर्टवर सर्व्हरलाच विचारते. ॲपमधेच बसवलेलं असेल तर ॲपच्या आतूनच जेडीबीसीच्या (जावातून डेटाबेसला जोडायच्या पद्धतीच्या) मेटाडेटाकडून प्रॉडक्ट व्हर्जन आणि ड्रायव्हर व्हर्जन काढायचं. क्लायंट-सर्व्हरमधे हे दोन आकडे वेगळे आले तर लगेच घाबरू नका, ड्रायव्हर वेगळ्या व्हर्जनचा असू शकतो.

आता जिथं पोरं खरी अडकतात ते. सर्व्हर सिक्युरिटी मॅनेजरखाली (कोणत्या कोडला काय करू द्यायचं हे बघणारा जावाचा पहारेकरी) चालू असतो (डर्बीचा नेटवर्क सर्व्हर 10.3 पासून, तुम्ही काही सांगितलं नाही तर, स्वतःच तो लावून घेतो) आणि अशा ठिकाणी माहिती अर्धीच हाताला लागते, नाहीतर ॲक्सेस डिनाइड. कारण असली माहिती गोळा करायला वेगवेगळ्या परवानग्या लागतात: क्लासपाथसारख्या सिस्टिम प्रॉपर्टी वाचायची, जार फाइल वाचायची, आणि हा क्लास कोणत्या जागेवरून लोड झाला हे विचारायला गेट-प्रोटेक्शन-डोमेन नावाची. शिवाय जावा फक्त डर्बीला परवानगी आहे का एवढंच बघत नाही, नाकाबंदीत गाडीतल्या प्रत्येकाची चौकशी व्हावी तसं कॉल स्टॅकमधल्या सगळ्या कोडला विचारतो. डर्बीनं ते काम डू-प्रिव्हिलेज्डमधे (माझ्याच परवानगीवर कर, मला बोलावणाऱ्यांना विचारू नको, असं सांगणारा कॉल) गुंडाळलं असेल तर तिथून मागच्यांना सूट मिळते, पण डर्बीच्या जारला स्वतःला परवानगी लागतेच.

सीनियर म्हणेल, "नो-सिक्युरिटी-मॅनेजर टाक आणि चालव". ऐकू नका. त्यानं सर्व्हर बंद करून चालू करावा लागतो आणि दिवसभर डिस्पॅच चालू असताना ते कोणी करू देत नाही, वर पुन्हा चालू होताना दुसरीच जार उचलली गेली तर तुम्ही जे बघायला आलात तेच बदललं. ऑल-परमिशनपण (सगळ्याच परवानग्या एकदम) नको, ते एकदा पॉलिसीत (कोणत्या कोडला कोणती परवानगी ते लिहिलेल्या फाइलीत) गेलं की कोणी काढत नाही. त्यापेक्षा टेस्ट मशीनवर तीच पॉलिसी घेऊन जावाचा सिक्युरिटी डीबग ऑप्शन ॲक्सेस आणि फेल्युअर देऊन लावा, नेमकी कोणती परवानगी नाकारली ते छापून येतं, तेवढीच ओळ डर्बीच्या जारच्या कोडबेसला (ती जार जिथून लोड होते त्या जागेला) फक्त वाचण्यापुरती द्या. पॉलिसी फाइल सांगताना एक बरोबरचं चिन्ह दिलं तर ती मूळ पॉलिसीत भर घालते, दोन दिली तर फक्त तुमचीच चालते, यात लोकांचे तासन्‌तास जातात.

रिपोर्टमधे "जार नाही" आणि "वाचायला परवानगी मिळाली नाही" या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्याच लिहा. 2021 च्या डिसेंबरात लॉगफोरजेचा (जावात लॉग लिहिणारी लायब्ररी, तिच्यात सुरक्षेचं भोक सापडलं) घोळ झाला तेव्हा सगळे हेच विचारत होते, तुमच्याकडं कोणतं व्हर्जन आहे, आणि रिकाम्या रकान्याला "नाही" समजणं तेव्हा महागात पडलं असतं.

सिक्युरिटी मॅनेजर जावा 17 मधे डेप्रिकेट (पुढं काढणार म्हणून जाहीर) झाला आणि 2025 च्या जावा 24 मधे कायमचा बंद, त्यामुळं नव्या मशीनवर ही पॉलिसीची भानगड दिसणार नाही, अडवणूक असते ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या युजरची. तिथं जेसीएमडी (जेडीकेसोबतच येणारं टूल) वापरा, चालू प्रोसेसच्या सिस्टिम प्रॉपर्टी काढून देतं, त्यात खरा क्लासपाथ सापडतो. पण सर्व्हिस ज्या युजरनं चालू आहे त्याच युजरनं चालवावं लागतं, म्हणून साइटवर जायच्या आधी ॲडमिनला फोन करून तेवढं लॉगिन मागून ठेवा, नाहीतर भर उन्हात एमआयडीसीपर्यंत हेलपाटा.