पडद्यावर नसलेला बोलपट कसा अभ्यासावा : ‘शीरीं फरहाद’पासून सुरुवात

१९३१च्या ‘शीरीं फरहाद’ची प्रत आज पाहायला मिळत नाही. तरीही उर्दू बोलपटांच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्यांनी आधी हाच चित्रपट हाती घ्यावा. समोर पडदा नसला की कागद नीट वाचायची सवय लागते, आणि या क्षेत्रात पुढची सगळी वर्षं तीच सवय उपयोगी पडते.

पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात लागला. त्यानंतर अडीच महिन्यांतच कलकत्त्याच्या मादन थिएटर्सचा हा बोलपट आला. दिग्दर्शन जे. जे. मादन यांचं, लेखन पारशी रंगभूमीचे नामवंत नाटककार आगा हश्र काश्मिरी यांचं, आणि पडद्यावर मास्टर निसार व जहानआरा कज्जन. ‘आलम आरा’त सात गाणी होती, इथे त्याच्या कितीतरी पट. संगीत नाटकात कथा पदांवर पुढे सरकते हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. इथेही घडण तीच आहे, त्यामुळे ‘एवढी गाणी कशाला?’ हा प्रश्नच सोडून द्या. गाणं कोणत्या प्रसंगाचं काम करतं, ते शोधा.

तंत्राची एक गोष्ट आधीच समजून घ्या. ‘आलम आरा’त चित्र आणि आवाज एकाच निगेटिव्हवर घेतले होते. फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या काही चौकटी पुढे असते, म्हणून चित्र पाहून कात्री लावली की आवाज भलत्याच जागी तुटतो. ‘शीरीं फरहाद’मध्ये दोन्ही वेगळे मुद्रित केले होते, त्यामुळे संकलनाला मोकळीक मिळाली. पार्श्वगायन मात्र १९३५पर्यंत आलेलं नव्हतं. नट-नटी स्वतः गात. म्हणून या काळात भूमिका कोणाला मिळाली हे चेहऱ्याइतकंच गळ्यावर ठरे, आणि निसार-कज्जन ही जोडी त्याच वर्षीच्या ‘लैला मजनू’तही का दिसते, तेही यातूनच कळतं.

आता कामाकडे. पहिले तीन महिने रोज एक तास उर्दू लिपीला द्या. देवनागरी लिप्यंतरावर भागवू नका. जुन्या शिळाछापाच्या छपाईत गाफची, म्हणजे ‘ग’ या अक्षराची, ‘क’पासून वेगळेपण दाखवणारी वरची दुसरी रेघ पुष्कळदा नसते, म्हणजे ‘गुल’ आणि ‘कुल’ सारखेच दिसतात. छोटी ये (शेवटच्या ‘ई’चं अक्षर) आणि बडी ये (शेवटच्या ‘ए’चं अक्षर) यांच्यात भेद पाळलेला नसतो, त्यामुळे ‘की’ आणि ‘के’ संदर्भावरून ठरवावे लागतात. नुक्ते, म्हणजे अक्षरांवरचे-खालचे ठिपके, गळालेले असतात. अशा ओळी वाचताना वृत्त तोंडाने म्हणून पाहा. चुकीचं वाचन असेल तर ओळ बहुतेक वेळा तिथेच लंगडते.

शब्दांचंही तसंच. ‘शीर’ म्हणजे दूध, ‘शीरीं’ म्हणजे गोड. शीरींच्या प्रेमात पडलेला पाथरवट फरहाद डोंगर फोडून जो ‘जू-ए-शीर’ आणतो तो दुधाचा पाट, शीरींच्या नावाचा ओढा नव्हे. ‘कोहकन’ म्हणजे डोंगर फोडणारा, आणि हे फरहादचंच नाव झालेलं आहे. ‘तेशा’चं भाषांतर कुऱ्हाड करू नका. ते दगड घडवायचं हत्यार आहे. शीरीं मेल्याची खोटी बातमी एक म्हातारी आणते आणि उर्दू परंपरेतला फरहाद तोच तेशा स्वतःच्या डोक्यात मारून घेतो. ज्या हत्याराने प्रेम सिद्ध करायचं त्यानेच जीव जातो. कुऱ्हाड लिहिलीत की हा सगळा अर्थ गेला. मूळ कथेबद्दलही सावध राहा. बाराव्या शतकातले कवी निजामी यांच्या फारसी काव्यात नायक इराणचा राजा खुसरो आहे, फरहाद एका भागापुरता येतो. भारतात येता येता तो नायक झाला. तेव्हा निजामींशी ताडून ‘चित्रपटाने कथा बदलली’ असं लिहू नका. कथा त्याच्या कितीतरी आधीच बदललेली होती.

थिएटरवर विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका हा या काळाचा सर्वांत मोलाचा कागद. तीत नटांची नावं, कथासार आणि गाण्यांचे बोल असतात. कथासार बहुधा शेवटाच्या आधी थांबतं, कारण तिकीट खपायचं असे. पुस्तिका चित्रपट लागण्याआधी छापलेली असू शकते, म्हणून छापलेलं प्रत्येक गाणं पडद्यावर होतंच असं धरू नका. प्रत्येक गाण्याचं वेगळं टिपण करा : पहिली ओळ, गाणारं पात्र, प्रसंग, पृष्ठ क्रमांक. मोजणी करताना सुटे शेर आणि पद्यातले संवाद वेगळ्या रकान्यात ठेवा. या चित्रपटांच्या गाण्यांचे आकडे जागोजागी वेगळे दिसतात, त्याचं मोठं कारण हेच.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४पासून आहे. तिथे जाताना लेखी विनंती, आपल्या संस्थेचं पत्र आणि काय पाहायचं त्याची वर्षानुसार यादी सोबत असू द्या. ‘जुन्या उर्दू चित्रपटांचं काहीही चालेल’ अशा मागणीने कोणालाच मदत करता येत नाही. नावाची स्पेलिंगं चार-पाच प्रकारे लिहून न्या.

सेन्सॉरच्या नोंदींत चित्रपटाची लांबी फुटांत असते. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी, बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. १०,००० फूट म्हणजे सुमारे १११ मिनिटं. मूकपटांना हा हिशेब लावू नका, त्यांचा वेग ठरलेला नसे.

आणि छायाचित्रं. १९५६मध्ये मधुबाला आणि प्रदीप कुमार यांचा याच नावाचा चित्रपट आला. त्यातली छायाचित्रं १९३१ची म्हणून फिरतात. चेहरा, पोशाख, छपाई आणि कंपनीचं नाव या चारही गोष्टी जुळल्याशिवाय छायाचित्राखाली साल लिहू नका.