गिटारला लॅकर मारायचंय? पाऊस सरू द्या

ठाण्यात किंवा नवी मुंबईत जुन्या गिटारच्या बॉडीला क्लिअर लॅकर मारायचं असेल, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली कोरडी दुपार गाठा. या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. मग लाकडावर दुधाळ झाक चढते. ती आलीच तर घासत बसू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर थिनरचा (सावकाश उडणाऱ्या थिनरचा) हलका फवारा द्या, बहुतेकदा झाक जाते.

आधी 320 नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा. हाताचं तेल, सिलिकॉनवालं जुनं पॉलिश पूर्ण काढा, नाहीतर बारीक खड्डे पडतात. लॅकरचे हात पातळच द्या. नवा हात खालच्यात विरघळून एकजीव होतो, हीच या लॅकरची खरी मजा.

मग तीन-चार आठवडे बॉडी टांगून ठेवा. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येतोय तोवर बफिंग (घासून चकाकी आणणं) नाही.

आणि फवारणी गच्चीवरच, कार्बन फिल्टरचा मास्क लावून. वाफ चटकन पेट घेते, त्यामुळे घरात, गॅसजवळ किंवा देवापुढच्या समईजवळ अजिबात नको.