शिंदळ माकुडी नागपूरच्या गच्चीवर

शिंदळ माकुडी म्हणजे फ्रेरिया इंडिका. ती जगात फक्त महाराष्ट्रात उगवते, तीही शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने 1865 च्या सुमारास मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिला फ्रेरिया हे नाव दिले. रुईच्या कुळातल्या तिच्या भाऊबंद माकडशिंगांना पाने नावापुरतीच. हिला मात्र पावसाळ्यात भरघोस मांसल पाने येतात आणि कोरड्या दिवसांत ती गळतात. झाडे मरतात ती इथेच. बोडकी फांदी दिसली की लोक झारी उचलतात!

गडावरून उपटून आणू नका. कुंडीतल्या झाडाची फांदी मागा, ती सहज लागते. जूनच्या सुरुवातीला 8 ते 10 सेंमीचा तुकडा धारदार ब्लेडने कापा आणि 5-6 दिवस सावलीत ठेवा. कापल्या जागी कोरडी, कागदासारखी खपली धरली की 2 सेंमी खोल लावा. पहिले पाणी आठवड्याने.

मातीची उथळ कुंडी घ्या. तीत 2 भाग हरभऱ्याएवढी काळी गिट्टी, 1 भाग कन्हान नदीची चाळलेली वाळू, 1 भाग पूर्ण कुजलेले शेणखत. आपली काळी माती चिमूटभरही नको, ती पाणी धरून बसते. गिट्टी मात्र तिच्या माहेरचीच, गडांच्या काळ्या बेसाल्टची. नागपुरातली सीताबर्डीची टेकडीही त्याच कातळाची.

मे महिन्यात हिरव्या जाळीखाली, फक्त सकाळचे ऊन मिळेल तिथे ठेवा. दहा-बारा दिवसांनी संध्याकाळी थोडे पाणी पुरे. कूलरच्या ओल्या झोतापासून लांबच. जुलैच्या झडीत छपराखाली घ्या आणि कुंडीखालची ताटली काढा. पावसाळ्यात पिवळ्या नक्षीची गर्द लाल, चांदणीसारखी फुले येतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळपास बंद.

शंका आली तर खोड अंगठ्याने दाबा. सुरकुतलेले पण घट्ट असेल तर ती झोपली आहे, हात लावू नका. बुडाशी तपकिरी, पिचपिचीत लागले तर सड आहे. वरून निरोगी भाग कापा. कापात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर, काप स्वच्छ हिरवट-पांढरा निघेपर्यंत. दर वेळी ब्लेड स्पिरिटने पुसा. उरलेला शेंडा पुन्हा सावलीत वाळवून नव्या गिट्टीत लावा. जुनी माती फेकून द्या.