ऑनलाइन ऑर्किड मागवताना काय पाहायचं, अन् झाड मरगळून आलं तर काय करायचं

पहिले हे सांगतो, ऑर्किडचं बी ऑनलाइन कोणी विकत असलं तर घ्यायचंच नाही. ते बी धुळीसारखं बारीक असते, त्याच्यात अन्नाचा साठाच नसते, लॅबमधी बाटलीत जेलीवर रुजवा लागते, त्यामुळं पाकिटात जे येते ते दुसऱ्याच कशाचं तरी बी असते. निळ्याशार फॅलेनॉप्सिसचंही (ही रुंद पानांची ऑर्किडची एक जात) तसंच, पांढऱ्या फुलाच्या दांड्यात रंग सोडलेला असते, पुढच्या बहराला पांढरंच फूल येते.

मंग पैसे भरायच्या आधी विक्रेत्याले विचारा, झाड फुलावर यायच्या वयाचं आहे का सीडलिंग, म्हणजे लहान रोप? अन् आजचा फोटो मागा, मुळ्या दिसल्या पाहिजे. बोटभर सीडलिंगले फुलावर याले काही वर्षं लागतात. निळी व्हॅन्डा अन् स्लिपर ऑर्किड ह्या ऑर्किडच्या जाती 1972 च्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहेत, म्हणून नर्सरीत वाढवलेल्या झाडाचं पक्कं बिल घ्याच, जंगलातून उपटून आणलेलं झाड घेऊ नका, ते टिकतही नाही अन् तिकडलं रान रिकामं होते.

आपल्याकडं विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जाते, तवा मॅसडेव्हालिया, ड्रॅक्युला अशा थंड ढगाळ डोंगरातल्या जाती कितीही आवडल्या तरी इथं जगवणं लय कठीण. व्हॅन्डा घ्या, उष्ण भागातले डेन्ड्रोबियम घ्या. ऑर्डर ऑक्टोबर ते फेब्रुवारीच द्या, दिवाळीचा आठवडा सोडून, अन् सोमवारीच पाठवा म्हणून सांगा, नाहीतर खोकं रविवारभर गोदामात पडून राहते. कुरिअर गावात येत नसलं तर तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या.

खोकं फोडताना व्हिडिओ काढा, लेबल दिसण्यापासून तर मुळ्यांपर्यंत, मधात कट नको. मंग नीट पाहा. पानं लुळी पडली, बल्ब (बुडाशी असलेले फुगीर दांडे) सुरकुतले तर ते तहानेनं, त्यातून झाड सावरते. मूळ चिमटीत दाबा, टणक असलं तर जिवंत, साल निसटून नुसता दोरा हातात आला तर ते सडलं. फॅलेनॉप्सिस, व्हॅन्डाचं मधलं पान हलकं ओढताच निघून आलं अन् बुड काळं, वास मारते, तर शेंडाच गेला, ते झाड वाचायची आशा फार कमी, तिथं पैसे परत मागायचेच.

त्याच दिवशी लेखी तक्रार करा, फोनवर बोलून सोडू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं विकणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच अन् महिन्याभरात निपटारा द्यायचा असते. नाही दिला तर ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढं जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो तिथूनच दावा लावता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही.

पैशाचं होईल तवा होईल, झाड थांबत नाही. ब्लेड जाळावर तापवून, थंड करून सडक्या मुळ्या कापा, कृषी केंद्रातलं 'साफ' नावाचं बुरशीनाशक लिटरभर पाण्याले दोन ग्रॅम घालून त्यात बुडवा, सावलीत वाळू द्या. कुंडीत कोळसा अन् विटांचे तुकडे, माती अजिबात नको. बोअरच्या खारट पाण्यानं मुळ्यांची टोकं जळतात, पावसाचं साठवलेलं नाहीतर आरओच्या कॅनचं पाणी घाला. बाकी झाडांपासून दूर ठेवा, पानाच्या बगलेत पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड लपलेली असू शकते, अन् नव्या मुळीचं हिरवं टोक दिसेपर्यंत खताचं नावही घेऊ नका.