विज्ञानाच्या बीटवर येताय? आधी सोनेगावला फोन लावा

३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं. आकडा आमच्या डेस्कपर्यंत आला तोवर तो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. पान सोडायची घाई होती. मथळा ठळक लागला. नंतर हवामान खात्याचा खुलासा आला की सेन्सरमध्ये बिघाड होता. आमचा खुलासा आतल्या पानावर, दोन ओळींत.

ती चूक मला अजून टोचते, कारण ती पकडायला विज्ञानाची पदवी लागत नव्हती. देशातला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, मे २०१६ मधला ५१ अंश. जगातला ५६.७, अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदवलेला. आपल्या गावात पारा त्याच्या जवळ गेला आणि शहरातलीच हवामान खात्याची सोनेगावची वेधशाळा मात्र पंचेचाळिशीच्या आसपासच, हे जुळतच नाही. शेजारच्या केंद्राशी ताडून पाहायचं, एक फोन करायचा, एवढंच काम होतं. ते आम्ही केलं नाही.

पत्रकारितेचा कोर्स संपवून या बीटवर, म्हणजे विज्ञानाच्या बातम्यांच्या कामावर, येणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं: बहुतेक पेपरांत विज्ञानाचं वेगळं डेस्क नसतं. चांद्रयान उतरतं तेव्हा सगळे धावतात, एरवी एजन्सीची कॉपी भाषांतरून चौकट भरली जाते. उंदरांवर झालेला प्रयोग मथळ्यात येईपर्यंत माणसांचं औषध होऊन बसतो. वाचक त्यावर विश्वास ठेवतो, कधी चालू गोळ्या बंद करतो. म्हणून हे काम नीट करणारी माणसं हवीत.

नागपुरात शिकायला जागा भरपूर. पर्यावरणासाठी नीरी, संत्र्यासाठी लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आणि वर्धा रोडला कापसाची. मी खरा शिकलो तो कापसात. २०१७ चा हंगाम, गुलाबी बोंडअळीनं विदर्भात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली होती. माझी बातमी डोक्यात तयार होती: बियाणं बोगस. एका शास्त्रज्ञांनी मला शेतात नेलं आणि एक हिरवं बोंड तोडून हातात दिलं. बाहेरून धडधाकट, डाग नाही. त्यांनी ते अंगठ्यानं फोडलं. आत गुलाबी अळी, कुरतडलेली सरकी, पिवळा पडलेला कापूस. अळी लहान असतानाच आत शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं, म्हणून शेतकऱ्याला उशिरा कळतं.

मग त्यांनी तासभर उन्हात उभं राहून समजावलं. बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं जनुक घातलेलं वाण, २००२ मध्ये आला, अशा दोन जनुकांचा २००६ मध्ये. विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकून राहाव्यात म्हणून भोवती बिगरबीटीच्या ओळी लावायच्या होत्या, त्या फारशा कुणी लावल्या नाहीत. त्यात फरदडीमुळे, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात उभ्या ठेवलेल्या कपाशीमुळे, अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळत राहिलं. बीटीचं विष पचवणाऱ्या अळ्याच उरल्या आणि त्यांचीच पिलावळ वाढली. बोगस बियाण्याचा प्रश्न खोटा नव्हता, पण अस्सल बियाण्यातही अळी येत होती, आणि हे मला ऑफिसात बसून कधीच कळलं नसतं. त्या बातमीत मी कामगंध सापळ्यांचा, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यांचा, हिशेबही दिला: एका सापळ्यात सलग तीन दिवस रोज या अळीचे आठ पतंग सापडले की फवारणीचा विचार करायचा. दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांचे फोन आले ते त्याच ओळीसाठी.

आकड्यांचं म्हणाल, तर ‘धोका ५० टक्क्यांनी वाढला’ असं दिसलं की थांबा. दहा हजारांत दोघांचे तिघे झाले तरी वाढ ५० टक्केच होते. किती जणांवर पाहिलं, कशाशी तुलना केली, पैसा कुणाचा, हे विचारा. त्या संशोधनात नसलेल्या, पण त्याच विषयातल्या दुसऱ्या माणसाला फोन करा. शास्त्रज्ञांना कॉपी तपासायला पाठवू नका, आकडे मात्र फोनवर वाचून दाखवा.

आणि प्रत्येक मुलाखतीत शेवटी विचारा, ‘यातलं अजून काय कळलेलं नाही?’ मिळालेलं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात घाला. शेवटी ठेवू नका. जाहिरात वाढली की कात्री खालून लागते.