जुना वस्तरा कोणाचा, कुठला, केव्हाचा हे कसं ओळखायचं

आजोबांच्या पेटीत, वाड्याच्या माळ्यावर नाहीतर नाशिकच्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुना वस्तरा हाती लागला की पहिली घाई होते ती चमकवायची. प्लीज करू नका. मी केलंय. पहिला वस्तरा दीडशे रुपयांना घेतला, घरी आल्या आल्या पॉलिश पेपर मारत बसलो, तासाभरात पातं लखलखलं पण त्यावरची पुसट अक्षरं कायमची गेली, आता तो कुणाचा हे कळायचा काही मार्गच उरला नाही. अजून वाईट वाटतं.

तर आधी कोरड्या सुती कापडाने पुसा, धारेकडे बोट नेऊ नका, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर राहू द्या. सकाळी तेल टिपा आणि मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूने आडवा मारा, मग खोलगट अक्षरांत सावली पडते आणि एरवी न दिसणारं नाव उठून दिसतं. बघायचं कुठे, तर पातं मुठीत शिरतं तिथल्या जाड भागावर, दोन्ही बाजूंनी. फोटो काढून ठेवा.

आपल्याकडे जुन्यात जास्त करून शेफील्ड दिसतं. इंग्लंडमधलं हे गाव मोठं झालं ते पोलादावर. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मातीच्या मुशीत पोलाद पूर्ण वितळवायची रीत बसवली, त्यामुळे ते सगळीकडे एकसारखं निघायला लागलं आणि धार टिकायला लागली. पात्यावर ‘कास्ट स्टील’ असेल तर ते हेच. आणि मुशीतलं पोलाद आपल्याकडे, दक्षिणेत, त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं बरं का! त्याच पोलादाचं गुपित शोधायला मायकेल फॅरडे आणि लंडनचा कटलर, म्हणजे सुऱ्या-वस्तरे बनवणारा, जेम्स स्टोडार्ट १८२० च्या आसपास प्रयोग करत होते, त्यात चांदीही मिसळून पाहिली. पुढे ‘सिल्व्हर स्टील’ असा शिक्का वस्तऱ्यांवर आला, पण शिक्का आहे म्हणून चांदी असेलच असं धरू नका.

जोसेफ रॉजर्सची खूण म्हणजे एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस, ही खूण १६८२ ची. या नावाच्या नकला भरपूर झाल्या, म्हणून Rodgers या स्पेलिंगमधला ‘डी’ आहे ना ते बघाच. वेड अँड बुचर आणि वोस्टनहोम हेही शेफील्डचेच, वोस्टनहोमवर आय एक्स एल असतं. जर्मनीतलं झोलिंगेन असेल तर जुळ्या माणसांची आकृती शोधा, ती हेंकेल्सची, १७३१ पासूनची. स्वीडनचं एस्किलस्टुना किंवा फ्रान्सचं तिएर क्वचित दिसतं, मिळालं तर सोडू नका.

काळ ओळखायला, पात्यावर मुकुटाचा शिक्का असेल तर त्याच्याशेजारची अक्षरं कामाची. ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘जी आर’ म्हणजे जॉर्ज, पण जॉर्ज एक नाही, म्हणून पात्याचा आकारही बघा: पाचरीसारखं जाड पातं बहुधा जुनं, दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेलं नंतरचं. मागची वळलेली शेपटी अगदी आखूड किंवा नसेलच तर अठराव्या शतकापर्यंत मागे जाता येतं. नुसतं शेफील्ड न लिहिता ‘इंग्लंड’ही लिहिलं असेल तर तो बहुतेक १८९१ नंतरचा, कारण तेव्हापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं.

मूठ विसरू नका. अंगठ्याने जोरात घासून गरम करा, कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे १८७० च्या आधीची मूठ नाही. हे सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्याच्या वाफेने पातं गंजतं, म्हणून तो वस्तरा बाकीच्यांपासून वेगळाच ठेवा. शिंगाची मूठ उजेडात धरली की आत रेषा दिसतात, हाडाच्या मुठीवर बारीक काळे ठिपके असतात. हस्तिदंत वाटला तर विकायच्या किंवा विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, कायद्याने गुन्हा आहे.

आणि अडलात तर रामकुंडावर जा. तिथे धोकटी घेऊन बसलेल्या जुन्या नाभिक काकांना वस्तरा दाखवा, चहा सांगा आणि ऐकत बसा. मी नेलेला एक वस्तरा त्यांनी नाव न वाचताच कानाशी धरला, नखाने पात्यावर टिचकी मारली, आवाज घुमला तसे म्हणाले, “पातळ घासलाय हा, चामड्यावर हलक्या हाताने पाजळ.” टॉर्चखाली नाव बघितलं तर झोलिंगेनच निघालं.